पोटावर रुजणारं बी

घर भाड्याने देताना अमेरिकेतले घरमालक काय काय विचारतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. पगार किती, क्रेडिट स्कोअर किती, आधीचं घर का सोडलं, कुत्रा आहे का. ट्रॉय नावाच्या गावातल्या त्या जुळ्या घराचा अर्धा भाग बघायला मी सगळे कागद फाइलमध्ये लावून गेलो. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी फाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "रविवारी काय जेवता?"

मी म्हटलं, "तसं काही ठरलेलं नाही. जे असेल ते."

दार जवळजवळ मिटलंच होतं. माझी बायको मागून ओरडली, "चिकन! आमच्याकडे रविवारी चिकन असतं! सकाळी उठल्यापासून मसाला वाटते मी!"

दार पुन्हा उघडलं. घर मिळालं. रविवारी चिकन असतं हे खरं होतं, पण मसाला पाकिटातला होता. त्या घरातली पहिली थाप बायकोची, एवढं मी आधीच सांगून ठेवतो. कारण पुढच्या सगळ्या माझ्या आहेत.

मी कमी बोलणारा माणूस आहे. कमी बोलणाऱ्याला लोक सरळ समजतात. ते तसं नसतं. आम्ही थापा थोड्याच मारतो, पण त्या वर्षानुवर्षं टिकवतो. ही एक मी सहा वर्षं टिकवली आणि तिच्यापायी एक धडधाकट माणूस मरायला निघाला. आज मन घट्ट करून सगळं सांगतो. आमच्या घरमालकांचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांना चालणार नाही असं नाही. उलट फार आवडेल, आणि मग ते चारचौघांत वाचून दाखवायला लावतील.

ते सिसिलीचे. लहानपणी आईबापांबरोबर बोटीतून आलेले. मोटारींच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेले, आणि आम्ही राहायला गेलो तेव्हा पत्नी जाऊन काही वर्षं झालेली. उंचीने बेताचे, पण पोट असं की ते आधी खोलीत येई आणि मग मालक. घरात त्यांची दोन स्वयंपाकघरं होती. वरचं एखाद्या दुकानातल्या नमुन्यासारखं चकचकीत. त्यातल्या शेगडीवर आयुष्यात काही शिजलं नव्हतं आणि ओव्हनमध्ये इस्त्री केलेले टेबलक्लॉथ होते. खरं स्वयंपाकघर खाली, बेसमेंटमध्ये. जुनी शेगडी, तिरकं टेबल, वर टांगलेले लसूण, कोपऱ्यात घुमणारा बॉयलर. मी एकदा भोळेपणाने विचारलं, "मग वरचं कशाला?"

"ते लोकांसाठी."

"पण लोक आले की तुम्ही त्यांना खाली आणता."

"येणारे लोक नाहीत, घरचे आहेत. वरचं जे येत नाहीत त्यांच्यासाठी."



हंगामाबाहेरची भाजी हा त्यांच्या मते गुन्हा होता. विमानातून आलेल्या वस्तूला ते जेवण म्हणत नसत, टपाल म्हणत. फेब्रुवारीत मी सॅलड खात बसलो असताना ते एकदा आत आले, माझ्या ताटलीतली टोमॅटोची चकती दोन बोटांनी उचलली, मागचं दार उघडलं आणि ती बाहेर बर्फावर ठेवून आले.

"हे काय?"

"जाऊ दे तिला. जिथून आली तिकडे."

बायको म्हणाली, "चकती चालत मेक्सिकोला जाणार का?" ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्याच्या पोटात जाण्यापेक्षा बरं."

ऑगस्टमध्ये मात्र गॅरेजमध्ये टोमॅटोचे डोंगर यायचे आणि वर्षभराचा सॉस बाटल्यांत भरायचा दिवस उगवायचा. टोमॅटो गाळायच्या यंत्राला त्यांनी जुन्या वॉशिंग मशीनची मोटर बसवली होती. ते सुरू झालं की गॅरेजच्या छतापर्यंत रस उडे आणि रस्त्यावरून जाणारे लोक दचकून आत बघत. मला काम एकच, प्रत्येक बाटलीत बेझिलचं एक पान टाकायचं. बेझिल म्हणजे आपल्या तुळशीची गोऱ्या घरातली बहीण. एकदा माझ्या हातून एका बाटलीत दोन पानं गेली. मी गप्प बसलो. जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, दारावर थाप पडली. मालक उभे, हातात चमचा.

"दोन पानं कुणी टाकली?"

"कसली दोन पानं?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तू चेहऱ्याने खोटं बोलू शकत नाहीस. हा तुझा चांगला गुण आहे." ही त्यांची माझ्याबद्दलची सगळ्यात मोठी चूक. मी चेहऱ्याने नाही, तोंडाने बोलत होतो, आणि ते मला चांगलं जमत होतं.

एप्रिलमध्ये ते मला कोवळे डँडेलियन खुडायला न्यायचे, कारण गाडी माझी. लॉनमधलं तण म्हणून लोक ज्याच्यावर औषध मारतात ते हे. त्याची भाजी लसणावर परतली की कडवट, छान लागते. एका वर्षी त्यांनी बरोबर माझ्या ऑफिससमोरचं हिरवं लॉन निवडलं. मी म्हटलं इथे नको. ते म्हणाले, "इथे कुत्री येत नाहीत, फक्त इंजिनियर येतात." मग गुडघ्यांवर बसून, पोट गवताला टेकवून त्यांनी सुरीने खुडायला सुरुवात केली. तेवढ्यात माझा मॅनेजर कॉफी घेऊन बाहेर आला.

"एव्हरीथिंग ओके?"

मी म्हटलं, "माझ्या अंकलची कॉन्टॅक्ट लेन्स पडलीय."

बिचारा मॅनेजरही गुडघ्यांवर बसून लेन्स शोधायला लागला. मालकांनी त्याच्या हातात पिशवी दिली. लेन्स काही मिळाली नाही, भाजी पावशेर जास्त झाली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टाळत होतो, खरं तर.

आमच्या पहिल्याच जुलैत ते एका संध्याकाळी मागच्या अंगणातून आले. अंगणात त्यांनी माणसाच्या उंचीचा मांडव घातला होता, त्यावर कसलातरी वेल चढत होता. मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ते आले ते दोन्ही हात पुढे करून, त्यावर टॉवेल आणि टॉवेलवर काहीतरी निजवलेलं. बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणतात तसं.

"हळू बोल," ते म्हणाले. "कुकुत्सा."

टॉवेलवर जवळजवळ चार फूट लांबीचा दुधी भोपळा होता.

दुधी! आपला दुधी. जरा लांबुडका, पोपटी, अंगावर मऊ लव. पण शंभर टक्के दुधी. माझं दुध्याशी वैर लहानपणापासूनचं. आमच्याकडे नागपूरला दुधी आजारी माणसासाठी आणायचे. वडिलांना साखर निघाल्यावर घरात दुसरी भाजीच शिजेना; सकाळी दुध्याचा रस, दुपारी दुधी, रात्री उरलेला दुधी. अमेरिकेला येण्याचं कारण मी लोकांना करिअर असं सांगतो, पण दुधीही त्यात थोडा होता.

"माझ्या बापाने याच्या पाच बिया बुटाच्या टाचेत लपवून आणल्या," मालक कुजबुजत सांगत होते. "आमच्या गावाबाहेर हा कुठे होत नाही. आता गावात कुणी राहिलं नाही. म्हणजे जगात फक्त इथे, या मांडवावर. तू कधी असं काही पाहिलंयस?"

सांगा, काय म्हणणार? समोर एक माणूस बाळ घेऊन उभा आहे. त्याला कसं सांगायचं, की हे आमच्याकडे ढिगाने होतं आणि रोग्याला उकडून घालतात?

मी म्हटलं, "नाही! बाप रे! काय आहे हे?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं. बांधला गेलो.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुधी ही चोरटी वस्तू झाली. बायकोला दुधी आवडतो. इंडियन ग्रोसरीतून तिने आणला की पिशवीतून त्याचं टोक बाहेर यायचं, आणि मालक तर कायम ओसरीवर बसलेले. मी तिला दुधी योगाच्या चटईत गुंडाळून आणायला लावला.

ती म्हणाली, "लोक गांजा आणतात रे असा. सांगून टाक ना त्यांना."

"आता कसं सांगू? त्या दिवशी सांगायला हवं होतं."

"मग उद्या सांग. उद्याही तेच म्हणशील."

तसंच झालं. उन्हाळाभर मालक आम्हाला कुकुत्सा देत. त्याची कोवळी पानंसुद्धा. ती पानं आणि तुकडे केलेली स्पॅगेटी घालून सूप करायचं. एरवी स्पॅगेटी मोडणाऱ्या माणसाशी ते बोलत नसत, पण या सुपासाठी स्वतः मोडत आणि मोडताना तोंड फिरवून घेत. दिलेला दुधी बायको आवडीने खाई. मी वरणभात खाई. दुसऱ्या दिवशी ते विचारत, "कशी झाली?" मी म्हणे, "अप्रतिम. असं कधी खाल्लं नव्हतं." दुसरं वाक्य तर खोटंही नव्हतं.

आमच्या इकडच्या बौद्ध मंडळींचा महिन्यातून एकदा कुणाच्यातरी घरी कार्यक्रम असतो. त्रिसरण, पंचशील, मग गप्पा आणि जेवण. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, की माझा आवाज आपोआप खाली यायचा. शेजारी बसणाऱ्या एका काकूंनी तर मला खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या.

सहाव्या वर्षी आई आली. आई निवृत्त शिक्षिका. बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट. विमानतळावरून येताना गाडीतच मी तिला बजावलं, की मागच्या अंगणात दुधी दिसेल, त्याला दुधी म्हणायचं नाही.

"मग काय म्हणायचं?"

"काहीच नाही. तू तो आधी कधी पाहिलेला नाहीस."

"मी? साठ वर्षं भाजी आणतेय मी!"

"आई, प्लीज."

"पंचशील म्हणतोस ना रोज? का तेही कधी पाहिलेलं नाही?" एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली. पण तिने शब्द पाळला. मालकांनी तिला मांडव दाखवला, तेव्हा तिने हात जोडले आणि म्हणाली, "व्हेरी बिग." आत येऊन मला म्हणाली, "म्हातारा चांगला आहे. तू मात्र बिघडलास."

ऑक्टोबर उजाडला. मालक पणतीच्या बाप्तिस्म्यासाठी आठवडाभर मुलीकडे ओहायोला गेले. मांडव ओकाबोका झाला होता, फक्त एकच कुकुत्सा लोंबत होता, देठाला लाल फीत बांधलेला. तो बियांचा. तो तोडायचा नसतो. वेलीवर पार वाळू द्यायचा, कवच लाकडासारखं झालं की आतल्या बिया पुढच्या वर्षीच्या. एवढ्या मोठ्या वंशाचा तो एकटा वारस. जाताना मला म्हणाले होते, "तू आहेस म्हणून निश्चिंत जातो."

त्याच आठवड्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन होता आणि कार्यक्रम आमच्याकडे. मी ऑफिसातून आलो तर घरभर फोडणीचा वास, आणि ओट्यावरच्या कोथिंबिरीच्या जुडीला लाल फीत बांधलेली.

"आई, ही फीत कुठून आली?"

"अरे, तो मागचा दुधी! जून व्हायला लागला होता, कुणाचं लक्षच नाही. तीस माणसं जेवायला येणार, म्हटलं हरभऱ्याची डाळ घालून टाकू. आणि काय रे, त्याला नजर लागू नये म्हणून लाल फीत? अमेरिकेत राहून ही अंधश्रद्धा? मी आधी ती सोडली, मग दुधी तोडला."

"बिया कुठायत?"

"जून होत्या. सिंकमध्ये टाकल्या."

सिंकमध्ये खाली कचरा दळणारं यंत्र असतं. मी बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला. हाताला पांढरा चोथा लागला. कार्यक्रमाला आलेली मंडळी त्या भाजीवर तुटून पडली. काकू म्हणाल्या, "अशी चव इकडच्या दुध्याला नसते हं." त्या दिवशी चौथ्या शीलाला मी तोंडच उघडलं नाही.

माणूस अशा वेळी काय करतो? निदान मी काय केलं ते सांगतो. इंडियन ग्रोसरीत गेलो, ढिगातला सगळ्यात लांब दुधी निवडला, आणि मालक यायच्या आदल्या दिवशी तो मांडवाला टांगला. दोरा दिसू नये म्हणून हिरवा डेंटल फ्लॉस वापरला. वर लाल फीत. बायको खिडकीतून बघत होती. म्हणाली, "समोरच्या झाडाला एखादा आंबाही बांध." मी लक्ष दिलं नाही.

मालक आले, बॅग न ठेवताच मांडवाखाली गेले.

"हा आखूड झालाय," ते म्हणाले.

"थंडी पडली इकडे," मी म्हटलं.

"अर्धा झालाय."

"फारच पडली."

त्यांनी देठाजवळ नाक नेलं. "पुदिन्याचा वास येतोय."

फ्लॉस मिंटचा होता. मी म्हटलं, "वारं तिकडून येतं." कुठून, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते हळूच म्हणाले, "मी नव्हतो ना. एकटा पडला बिचारा. झुरला." मग त्यांनी दुध्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी घरात येऊन बाथरूममध्ये बसून राहिलो.

आई नागपूरला परतली. हिवाळा गेला. तो दुधी त्यांनी बॉयलरजवळ वाळवला, सुकून आक्रसला. आतल्या बिया कोवळ्या, पातळ, कागदासारख्या. मला दाखवून म्हणाले, "चेहरा उतरलाय त्यांचा." तरीही मार्चच्या शेवटी त्यांनी पट्टा काढला.

हा पट्टा म्हणजे लोकरीचा एक रुंद पट्टा. ओल्या कापडात बिया ठेवायच्या, कापड बेंबीपाशी, वरून पट्टा, आणि बिया रुजेपर्यंत तो पोटावर बाळगायचा. अंघोळ बंद, धावपळ बंद, भांडण मात्र चालतं, त्याने ऊब वाढते. त्यांचे वडील असंच करत. सिसिलीत सगळे करत म्हणे. त्या दिवसांत मालक दुकानात, चर्चमध्ये, डॉक्टरकडे पोटावर हात ठेवून हिंडत, आणि बी फुटलं की सगळ्या गल्लीला बघायला बोलवत. कधी चुकलं नव्हतं.

या वेळी बी फुटलं नाही. त्यांनी दुसऱ्या बिया घेतल्या. त्याही नाही. उरलेल्या सगळ्या घेतल्या. कापडाला वास यायला लागला, अंकुर नाही.

ते आमच्याकडे आले, खुर्चीत बसले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "माझी ऊब संपली."

"असं काय बोलता?"

"बापाच्या पोटावर ज्या वर्षी बी रुजलं नाही, त्या वर्षी उन्हाळ्याआधी बाप गेला. आम्हा लोकांना हे असंच कळतं."

डॉक्टरांनी तपासलं, सगळं व्यवस्थित. मालक म्हणाले, "त्याने आयुष्यात काय रुजवलंय? बिल!" आणि मरणाच्या तयारीला लागले. तयारीही त्यांच्या पद्धतीची. एप्रिलमध्ये जाणं त्यांना पटेना. "एप्रिलमध्ये बाजारात काही नसतं. दफनानंतर लोक जेवायला येतील, त्यांना काय घालायचं? टपाल?" बराच विचार करून त्यांनी मेचा शेवट ठरवला. "ताजा मटार येतो. रिकोटा चीज पण चांगलं मिळतं." चर्चच्या फादरना बोलावून त्यांनी तसं सांगूनही टाकलं. फादर म्हणाले, वेळ देवाच्या हातात असते. मालक म्हणाले, "हो, पण मटार नसतो त्याच्या हातात."

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसलोही. पण मग ते वस्तू वाटायला लागले. सॉसच्या बाटल्या शेजाऱ्यांना. कढया मुलीला. टोमॅटोचं यंत्र मला. स्वतः गॅरेजमधून ढकलत आणून दिलं, म्हणाले, "एक पान. दोन नाही." आणि एका सकाळी मी त्यांच्या खिडकीवरून गेलो तर ते वरच्या स्वयंपाकघरात बसलेले. त्या चकचकीत, कुणासाठीही नसलेल्या स्वयंपाकघरात. समोर वाटीत दूध आणि खोक्यातले कॉर्नफ्लेक्स. खालची शेगडी किती दिवस पेटली नव्हती कोण जाणे. पट्टा सैल होऊन मांडीवर आला होता, कारण पोटच उरलं नव्हतं.

ओहायोहून मुलगी येऊन राहिली. मला दारात गाठून म्हणाली, "ही इज नॉट ईटिंग. माय फादर! नॉट ईटिंग!" आणि रडली.

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. गप्प राहिलो असतो तर मालकांनी मेअखेरीचा शब्द पाळला असता; तेवढे ते हट्टी होते. बोललो असतो तर सहा वर्षांचा जिव्हाळा, आणि बहुधा घरही, एका वाक्यात गेलं असतं. बायको म्हणाली, "यात विचार करण्यासारखं काय आहे?" तिला काही नव्हतं. मला होतं. मी दोन दिवस विचार केला, हे सांगायची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी इंडियन ग्रोसरीतून दुध्याच्या बियांचं पाकीट आणलं आणि त्यांच्याकडे गेलो. ते वरच बसले होते. पाकीट टेबलावर ठेवलं. त्यावर दुध्याचं रंगीत चित्र होतं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी बोलायला लागलो. आयुष्यात एकदम एवढं कधी बोललो नव्हतो. हा आमच्याकडे होतो, सगळीकडे होतो, लोक त्याची भाजी करतात, हलवा करतात, रस पितात. मी पहिल्या दिवसापासून ओळखला होता. तुमचा बियांचा कुकुत्सा आईने तोडला. फीत तिला अंधश्रद्धा वाटली. मांडवावर तुम्हाला दिसला तो दुकानातला कोवळा दुधी, मी फ्लॉसने बांधलेला. कोवळ्या बिया कुणाच्याच पोटावर रुजत नाहीत. तुमची ऊब शाबूत आहे. तुम्हाला काहीही झालेलं नाही.

त्यांची मुलगी शेगडीला टेकून ऐकत होती. मला वाटलं, आता म्हणतील, घर खाली कर. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझ्या आईने तो कसा केला?"

"काय?"

"माझ्या बापाचा कुकुत्सा. कसा शिजवला?"

मी सांगितलं. हरभऱ्याची भिजवलेली डाळ. मोहरी, हिंग, कढीपत्ता. थोडा गूळ. वरून ओलं खोबरं.

"गूळ म्हणजे?"

"उसाची साखर, पण तपकिरी, ढेप असते."

ते डोळे मिटून मनातल्या मनात ती कढईत घालत होते. ओठ हलत होते. "डाळ आधी की कुकुत्सा आधी?"

"डाळ आधी."

"बरोबर आहे बाईचं." मग डोळे उघडून म्हणाले, "लोकांनी खाल्ला?"

"पुसून खाल्ला."

"आणि तुला कसा लागला?"

इथे मी सहज म्हणू शकलो असतो, अप्रतिम. जिभेवर आलंही होतं. पण एकदा बूच निघालं की निघालं.

"मी खाल्ला नाही," मी म्हटलं. "मला दुधी आवडत नाही. तुम्ही दिलेला एकही मी कधी खाल्लेला नाही."

आधी त्यांचे कान लाल झाले. मग मान. मग ते उठले, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की किती दिवसांत ते असे उठले नव्हते. कॉर्नफ्लेक्सची वाटी उलटली.

"सहा वर्षं!" ते गरजले. "सहा वर्षं मी याला खायला घालतोय आणि हा खात नाही! बापाचा वंश बुडवला, ठीक आहे! आईने तोडला, बाई माणूस, पाहुणे येणार होते, ठीक आहे! दुकानातला बांधला, मूर्ख आहे, ठीक आहे! पण खात नाही?"

"पा, प्लीज, ब्लड प्रेशर!" मुलगी म्हणाली.

"प्रेशर गेलं खड्ड्यात! याला खाली घेऊन चल! नाही, मीच नेतो! याला वाटतं मी मेलो!" ते माझा दंड धरून बेसमेंटच्या जिन्याकडे निघाले, मध्येच थांबले, परत आले, टेबलावरचं पाकीट उचलून शर्टाच्या आत, थेट पोटावर कोंबलं. मग पुन्हा माझा दंड. "आणि माझं टोमॅटोचं मशीन! उद्याच्या उद्या परत आणून द्यायचं. ऑगस्टमध्ये मी काय दातांनी गाळू?"

"आणतो," मी म्हटलं. "आजच आणतो."

जिन्याच्या तोंडाशी त्यांनी मागे वळून मुलीला ओरडून सांगितलं, "आणि त्या फादरना फोन कर! म्हणावं, मेमध्ये मला जमणार नाही. मेमध्ये मांडव घालायचाय."